किसन रंगाऱ्याचा हौद

किसनभाऊ,

तुझ्या मयताला शेठ आले होते. निझामाचं राज्य जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत, पण त्यांच्या डोक्यावरची लाल रुमी टोपी गेली आणि खादीची पांढरी टोपी आली. त्यांनी तुझ्या अंगावर शाल टाकली आणि जमलेल्या माणसांकडे बघून म्हणाले, "हाडाचा कारागीर गेला. असा रंगारी पुन्हा होणे नाही." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. गप्प राहण्यात माझा हात कोण धरणार?

तू कुठला, कुणाचा, किती वर्षांचा होऊन गेलास, यातलं मी काही लिहीत नाही. ते सांगणारे आहेत. मी लिहितो ते फक्त आपल्या दोघांत होतं, आणि आता नुसतं माझ्यापाशी उरलं आहे. माझी सगळी शाळा उर्दूत झाली, मराठी मी आईच्या पोथीवरून शिकलो, तेव्हा चुका सांभाळून घे. तुला तसंही वाचता येत नव्हतं.

वसमतच्या त्या कापसाच्या जिनात मी इंजिन चालवत होतो, आणि त्याच आवारात मागच्या बाजूला शेठनी काढलेल्या रंगखान्यात तू सूत रंगवत होतास. चार वर्षं आपली ओळख म्हणजे जाता-येता 'रामराम' एवढीच. मग डायनामो जळाला. मी तो नव्यानं गुंडाळून घेतला आणि त्याला किती भार झेपतो ते बघायचं होतं. त्याची आमची साधी रीत असते. एका पिंपात मिठाचं पाणी घ्यायचं, दोन लोखंडी पट्ट्या त्यात सोडायच्या, दोन तारा जोडायच्या. पाणी वीज खातं आणि डायनामोचा दम कळतो. त्या दिवशी विहिरीवरून पाणी आणायचा कंटाळा केला. तुझ्या मोरीशी खाकी रंगाच्या उतरलेल्या पाण्याचं पिंप भरलेलं होतं, तेच ओढून आणलं. मीठ टाकलं. कापसाच्या गठाणी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे दोन तुकडे सोडले.

तू भांडायलाच आला होतास. "माझं पिंप काहून उचललं बे? विचारायचं न्हाई का?"

मी माझ्या मीटरच्या काट्याकडे बघत होतो. तुझं भांडण मधेच थांबलं तेव्हा वर बघितलं. तू पिंपावर ओणवा होऊन बघत होतास. पाण्यावर मळकट फेस चढला होता, पट्ट्यांपासून बारीक बुडबुडे उठत होते, आणि फेस बोटानं बाजूला सारून तू आत टक लावली होतीस.

"नामदेवा, तुझं ते बंद कर जरा."

मी बंद केलं. तू तिथेच उकिडवा बसलास. तासाभरानं मला हाक मारलीस. गाळ खाली बसला होता, हिरवट-तांबूस, साबणासारखा. वरचं पाणी नितळ होतं. तळाला पडलेला खिळा दिसत होता.

"काताचा रंग हाय हा," तू म्हणालास. "सुतावर एकदा बसला की धोब्याचा बाप आला तरी निघत न्हाई. आन् ह्यानं निघाला."

मी म्हणालो, "डायनामो झकास आहे, एवढं कळलं."

मला तेवढंच कळलं होतं. पिंप माझं, वीज माझी, पट्ट्या माझ्या, आणि तिथे काय झालं ते तुला दिसलं. एका माणसाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत.

तुला ते का दिसलं हे नंतर कळलं. रंगखान्याची मोरी ओढ्यात उतरायची, आणि त्याच ओढ्यावर दीड कोस खाली तुझ्या गयाचं सासर. एकुलती एक लेक. तू तिला तिथे दिलीस तेव्हा रंगखाना लहान होता. मग लढाई सुरू झाली, पलटणीच्या कपड्यासाठी खाकी सुताची मागणी आली, आणि तू काताच्या पाण्यावर क्रोमचे नारिंगी खडे टाकून दिवसाला कढयांवर कढया उतरवू लागलास. त्या खड्यांनी तुझ्या बोटांना भोकं पडली होती. ती भरत नव्हती. त्यांत तू हळद दाबून काम करायचास. गया नागपंचमीला माहेरी आली तेव्हा तिनं बांगड्या भरता भरता सहज सांगितलं होतं, "बाबा, आमच्या म्हशी आता ओढ्याला तोंड लावीत न्हाईत. आमी पाणी मळ्यातून आणून राहिलो." तिला माहीत होतं की रंग तिचा बाप सोडतो. म्हणून ती सहज बोलली.

"लेक दिली आन् मागून तिच्या पाण्यात थुंकून राहिलो," तू मला म्हणालास. "दुसरं काय?"

मग आपण हौद बांधला. शेठना वाटलं, रंग धुवायला बांधतात, म्हणून त्यांनी विटा दिल्या. मोडक्या गठाणींच्या पट्ट्या आपण हातभर लांबीच्या तोडल्या, लाकडी आडव्यावर ओळीनं टांगल्या, एक सोडून एक या तारेला, बाकीच्या त्या तारेला. दुपारी जिन जेवणासाठी थांबलं की इंजिन मात्र मी थांबवत नसे. तू मोरीचं पाणी हौदात वळवायचास, ओंजळभर मीठ टाकायचास आणि म्हणायचास, "सोड."

ते दिवस चांगले होते, किसनभाऊ. एवढी दोन-तीन वर्षं सोडली तर माझ्या नोकरीत सांगण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा आठ दिवस पाणी नितळलंच नाही. पट्ट्या फार लांब लांब टांगल्या होत्या. जवळ आणल्या तर दोन एकमेकींना चिकटल्या, ठिणगी उडाली आणि माझा डायनामो पुन्हा जळता जळता वाचला. मी तुला शिव्या दिल्या. तू मधे बांबूच्या कामट्या घातल्यास. गाळ कुठे टाकायचा यावर वाद झाला. मी म्हणालो, आवाराबाहेर फेक. तू म्हणालास, "पाण्यातून काढून मातीत घालतो का?" आणि चुनखडीचा खड्डा करून त्यात गाळ पुरू लागलास.

पण आपलं खरं भांडण तारांचं. पट्ट्यांवर काही दिवसांनी चिवट साय धरायची आणि वीज अडायची. तू म्हणायचास, अर्ध्या तासानं तारा अदलाबदल कर, जी पट्टी झिजते तिला आराम दे, दुसरीला झिजू दे. मी म्हणायचो, डायनामोच्या तारा अशा उलटसुलट करत नसतात, तू रंगाचं बघ. "तुला इंजिनाचं कळतं, पाण्याचं कळत न्हाई," तू म्हणायचास. मी कधी अदलाबदल केली नाही. तू दर रविवारी पट्ट्या उतरवून विटेच्या तुकड्यानं घासायचास, त्याच भोकं पडलेल्या बोटांनी.

ओढ्याचा रंग उतरला. म्हशी पाण्यात बसू लागल्या. गयानं निरोप पाठवला की बाया ओढ्यावर धुणं घेऊन जातात. तू जाऊन गावाला बजावून आलास, "गुरांना चालंल, धुण्याला चालंल. प्यायला न्हाई. रंग गेला म्हंजे समदं गेलं असं न्हाई." हे तू मला दहादा सांगितलंस. रंगात जन्म गेलेला माणूस रंगावर विश्वास ठेवत नव्हता.

मग शेठना आणखी बारा कढया लावायच्या होत्या. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या गावांनी अर्ज केला होता की ओढा नासतो, म्हणून सरकारातून परवानगी अडली. मोठे साहेब स्वतः बघायला येणार, असा हुकूम आला. तोवर शेठनी आपल्या हौदाकडे ढुंकून बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात हौदाला चुना लागला, आडव्याला रंग लागला, आणि तुला नवा पटका मिळाला.

साहेब आले. बरोबर पेशकार, चपराशी, अर्ज करणारी माणसं, आणि गयाच्या गावचीही पाच-सहा. गयाचा सासरा त्यांत होता. तू मोरी वळवलीस, मी वीज सोडली. फेस चढला, गाळ बसला. चपराश्यानं काचेच्या प्याल्यात वरचं पाणी भरून उन्हात धरलं. साहेबांना ते इतकं आवडलं की ते हसले. मग त्यांनी तुझ्याकडे बोट केलं. "रंगरेज, पी कर दिखाओ."

तू हात जोडलेस. "साहेब, हे गुरांचं पाणी हाय. प्यायचं न्हाई. ह्यात क्रोम किती ऱ्हातं ते मला दिसत न्हाई."

साहेबांचं हसू गेलं. पेशकार काही लिहायचा थांबला. शेठनी तुझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मी पुढे झालो, चपराश्याच्या हातातला प्याला घेतला आणि पिऊन टाकला.

चव खारट होती, आणि मागून पत्रा चाटल्यासारखी. मी मिशी पुसली आणि म्हणालो, "मीठा पानी है, साहब." लोक हसले. गयाचा सासराही हसला. साहेबांनी परवानगी लिहून दिली. ते गेल्यावर मी इंजिनाच्या खोलीमागे जाऊन घशात बोटं घातली. तू मला शोधत तिथे आलास आणि मी ओकून उठेपर्यंत उभा राहिलास.

"तू तर टाकलं ओकून," तू म्हणालास. "ते गाववाले कसं ओकतील?"

"अरे, नोकरी गेली असती."

"तुझी?"

"दोघांची."

"माझी गेली असती, नामदेवा. तुझी काहून गेली असती? तुझ्याबिगर त्यांचं इंजिन सुरू व्हतं का?"

याला मी आजही उत्तर शोधतो. खरं उत्तर मला माहीत आहे. त्या उन्हात, साहेबांसमोर, शेठ माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझी गरज होती असं मला वाटलं. तुलाही माझी गरज रोजच होती. ती मी मोजतच नव्हतो.

बारा कढया लागल्या. हौद पुरेना. तू दुसरा हौद मागितलास, तर शेठ म्हणाले, बघू. श्रावणात तू तापानं पडलास, तो वीस-बावीस दिवस उठला नाहीस. त्याच दिवसांत शेठनी मला बोलावलं. "नामदेव, साहेब येऊन गेले, काम झालं. आता गठाणीच्या कोठीत दिवे लागतील, बंगल्यावर पंखा लागेल. हौदाच्या तारा काढ. पट्ट्या राहू दे टांगलेल्या, कुणी आलं-गेलं तर दिसलं पाहिजे."

मी तारा काढल्या. पाना घेऊन, चार मिनिटांत.

पावसाचे दिवस. ओढा तसाही गढूळ वाहत होता, रंग कुणाला कळणार? आणि गावानं तोवर ओढ्याकाठच्या वाळूत झिरे उकरले होते. मळ्याची पायपीट कुणाला हवी होती? त्यांच्या डोळ्यांदेखत इंजिनवाल्यानं ते पाणी गटागटा पिऊन दाखवलं होतं. वाळूतून पाझरून पाणी नितळ यायचं. वाळू गाळ अडवते. क्रोम अडवत नाही. हे तू मला आधीच सांगितलं होतंस.

मी रोज संध्याकाळी तुझ्या घरी येत होतो. तू पडल्या पडल्या विचारायचास, "हौद?" मी म्हणायचो, "चालू आहे." लिंबू आणायचो, तुझ्या पायाशी बसायचो, आणि म्हणायचो, चालू आहे.

पुढचं मी पाहिलं नाही. गयानं काल सांगितलं. पोळ्याच्या सुमारास गावात उलट्या सुरू झाल्या. लेकरांची तोंडं आली. वासरं गेली. दोन म्हाताऱ्या गेल्या, त्या वयानं गेल्या की पाण्यानं, हे कुणी सांगू शकलं नाही. पण गावाला कुणीतरी हवं होतं, आणि त्यांच्यात रंगाऱ्याची लेक नांदत होती. तुला कळलं तसा तू तापातून उठून, काठी टेकत दीड कोस गेलास. पारावर माणसं बसली होती. त्यांनी तुला बसायलाही सांगितलं नाही.

"तू आमाला घाण पाजली," गयाचा सासरा म्हणाला.

"मी पिऊ नका म्हनलो व्हतो."

"मग तुझा दोस्त काहून पिला?"

तू माझं नाव घेतलं नाहीस. तू एवढंच म्हणालास की हौद चालू आहे, मी माझ्या हातानं बांधलाय, पाणी पहिल्याइतकंच साफ येऊन राहिलंय, हा रोग दुसरा कसला तरी आहे. आणि विश्वास बसावा म्हणून पाराशेजारच्या घराच्या दारात उभ्या असलेल्या गयाला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवलास. लेकीची शपथ घेतलीस.

तिथून तू थेट जिनात आलास. मी इंजिनाला तेल देत होतो. तू माझ्याकडे न येता हौदाकडे गेलास. पट्ट्यांना हात लावलास. त्या कोरड्या होत्या, गंजाचे पापुद्रे तुझ्या बोटांना लागले. मग दारात आलास.

"कवापासून?"

"तू पडलास त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

मला वाटलं, तू मारशील. तुझ्या हातात काठी होती. तू म्हणालास, "मी गयाच्या डोक्यावर हात ठेवून आलो रे," आणि गेलास. चार वर्षांत माझ्याशी बोललेलं तुझं ते शेवटचं वाक्य.

तू नोकरी सोडलीस. घरी पटके आणि लुगडी रंगवून पोट भरू लागलास. गयाला सासरच्यांनी माहेरी पाठवणं बंद केलं. गावानं झिरे बुजवले, पुन्हा मळ्याच्या वाटेला लागले. कढया चालूच राहिल्या. लढाई संपली तेव्हा खाकीची मागणी उतरली आणि त्या आपोआप थंड पडल्या. त्यात कुणाची नीती नव्हती. मी रोज तुझ्या दारावरून कामाला जायचो. तू ओट्यावर बसून रंग ढवळत असायचास आणि मान वर करायचा नाहीस. कधी कधी मला तुझा राग यायचा. एकदा तरी शिवी दे, असं वाटायचं. एवढं मोठं गप्प राहणं माणसानं माणसावर लादू नये. मग लाज वाटायची, की गप्प राहण्याचा हिशोब मांडायला मी कोण?

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मागच्या उन्हाळ्यात जिन बंद असताना मी एकट्यानं हौद भरला. डबक्यात साचलेलं रंगाचं पाणी होतं, तेच घेतलं. पट्ट्या घासल्या, तारा जोडल्या, आणि दर अर्ध्या तासानं अदलाबदल केली. पाच दिवस केली. साय धरली नाही. दोन्हीकडच्या पट्ट्या सारख्या झिजल्या, पाणी लवकर नितळलं. तू बरोबर होतास. ते सांगायला मी तुझ्या दारापर्यंत आलो होतो. आत तू खोकत होतास. मला वाटलं, मी एवढंसं बरोबर तुझ्या पदरात टाकायला आलोय, आणि मोठं चूक तसंच खिशात ठेवून. मी परत गेलो. नुसतं हे सांगितलं असतं तरी तू दार उघडलं असतंस, असं आता वाटतं. रंगाचं काही असलं की तुला राहवत नसे.

परवा तेराव्याचं जेवण झालं. काल मी गयाच्या गावी गेलो. पारावर तीच माणसं होती, थोडी म्हातारी झालेली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. शेठनी बघितलं म्हणून प्यालो, मागे जाऊन ओकलो, तारा मी काढल्या, किसनभाऊला ठाऊक नव्हतं, त्यानं घेतलेली शपथ त्याच्यापुरती खरी होती. मी मार खायच्या तयारीनं गेलो होतो, किसनभाऊ. डोक्याला टॉवेलसुद्धा गुंडाळला नव्हता.

कुणी उठलं नाही. गयाचा सासरा तंबाखू मळत होता. मग म्हणाला, "म्हंजे किसन खोटा नव्हता म्हन की."

"नव्हता."

"बरं झालं सांगितलं." त्यानं तंबाखू ओठात टाकली. "आन् मोठमोठ्या माणसांच्या समोर आपलं तरी काय चालतं? बस खाली." दुसऱ्यानं विचारलं, वसमतला कापसाला यंदा काय भाव निघंल? तिसरा म्हणाला, नव्या राज्यात धान्याची लेव्ही बंद होणार म्हणतात, खरं का? मी उत्तरं दिली. मी तुझी चार वर्षं त्यांच्यासमोर ठेवली होती, आणि ती त्यांनी शेजारच्याला चुना मागावा तितक्या सहज बाजूला सारली. त्यांनी मला माफ केलं नाही, त्यांना ते करण्याची गरजच वाटली नाही. तुला मात्र त्यांनी उभं ठेवलं होतं.

गया आतून सगळं ऐकत होती. निघताना मी तिच्या दारात थांबलो. ती चहा घेऊन बाहेर आली. तिच्या कपाळावर तुझ्यासारखी आठी आहे.

"बाबा गेल्यावर काहून आले, काका?" ती म्हणाली. "बाबा असताना आले असते तर मी माहेरी जाऊन त्यांना भेटले असते. चार वर्ष. माझ्या धाकट्यानं आजा पाह्यला न्हाई."

मग पारावरचा तो दिवस, तुझी शपथ, सगळं तिनं मला तिथेच उभ्यानं सांगितलं.

"चहा घ्या," ती म्हणाली. "बाबाचे दोस्त आहात तुमी. उपाशी न्हाई लावणार. पण फिरून येऊ नका."

मी चहा घेतला आणि कप दारात ठेवून निघालो.

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. उद्यापासून हंगाम सुरू होतो, आणि सकाळी इंजिन मीच सुरू करणार आहे. मी सोडून ते सुरू करणारा वसमतमध्ये दुसरा कुणी नाही. हे तू मला चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतंस, आणि तेव्हाही मी त्यातलं माझा पगार टिकतो एवढंच ऐकलं, मला नाही म्हणता येतं हे ऐकलं नाही.

नामदेव